शूल, शूइल, ह्यूइल : आयरिश भाषेतल्या ‘चालण्या’बद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी आयरिश शिकू लागले तेव्हापासून घरची मंडळी, मित्रमैत्रिणी आणि नोकरी-शिक्षणासाठी आयर्लंडला आलेले ओळखीचे मराठी लोक या एका शब्दाबद्दल पुन्हा पुन्हा विचारत आले आहेत. प्रत्येकाला वेगळं उत्तर लिहिण्यापेक्षा सगळं एका जागी ठेवलेलं बरं. आयरिश शब्द देवनागरीत लिहिले आहेत, त्यामुळे उच्चार ढोबळच समजावेत. ‘ख़’ दिसला की घशातून घासून काढायचा, उर्दू गझलेत ऐकतो तसा.

१. आयरिश म्हणजे आयर्लंडमध्ये बोललं जाणारं इंग्रजीच ना?

नाही. ती वेगळी, केल्टिक शाखेची भाषा आहे. तिथले लोक तिला ‘ग्वेल्गे’ म्हणतात. १९३७च्या राज्यघटनेनुसार ती देशाची पहिली अधिकृत भाषा आहे आणि २००७पासून युरोपीय संघाची अधिकृत भाषाही आहे. २०२२च्या जनगणनेत सुमारे १८.७ लाख लोकांनी ‘आम्हाला आयरिश येते’ असं सांगितलं. शाळेबाहेर रोज बोलणारे मात्र ७२ हजारांच्या आसपासच निघाले. हे रोजचे बोलणारे देशभर विखुरलेले आहेत, तरी भाषेचा जुना आधार म्हणजे डोनेगॉल, गॉलवे, केरी अशा भागांतला ‘ग्वेल्तख़्त’ नावाचा पट्टा.

२. मूळ शब्द कोणता आणि तो म्हणायचा कसा?

शब्द आहे ‘शूल’. लिहिताना एस, आय, वर तिरकी रेघ असलेला यू आणि शेवटी एल. त्या रेघेला ‘फाडा’ म्हणतात, म्हणजे ‘लांब’. आपला दीर्घ उकार म्हणा ना. मधला आय वाचायचा नसतो. तो फक्त शेजारचा एस ‘श’ आहे, ‘स’ नाही, एवढं सांगण्यापुरता बसवलेला असतो.

आयरिशमध्ये जवळजवळ प्रत्येक व्यंजन दोन प्रकारचं असतं, जाड आणि बारीक. हे ऐकून लोक घाबरतात, पण मराठी माणसानं घाबरायचं कारण नाही. ‘चारा’मधला च आणि ‘चार’मधला च आपण लिहितो सारखा, म्हणतो वेगळा. शिवाय ‘माझा’चं ‘माझी’ झालं की झ आपोआप बारीक होतो, त्यासाठी कुणी शिकवणी लावत नाही. ‘शूल’चा शेवटचा ल जाड आहे, जीभ मागे ओढून काढलेला. तोच बारीक केला की ‘शूइल’ होतं. अर्धं व्याकरण या दोन ल-मध्ये दडलेलं आहे (प्रश्न ७ आणि १०).

३. ‘शूल’ म्हणजे आपला पोटशूळ किंवा त्रिशूळ तर नव्हे?

नव्हे. उच्चार जुळला, नातं नाही. हा प्रश्न इतका येतो, की आता कुणी विचारलं की ‘फार चाललं की पायात शूळ उठतो’ एवढं उत्तर देऊन मी पुढे जाते.

४. मग शब्द आला कुठून? जुन्या पुस्तकांत तो वेगळाच लिहिलेला दिसतो.

मध्ययुगीन हस्तलिखितांत तो एस-आय-यू-बी-ए-एल असा लिहिलेला सापडतो. स्वरांच्या मधला बी तेव्हाही ‘ब’ नव्हता, ‘व’च्या जवळचा होता. म्हणजे उच्चार साधारण ‘शिउवल’. अर्थ मात्र आजच्यापेक्षा ऐसपैस होता : हलणं, पुढे सरकणं, प्रवास करणं आणि चालणं. हा मूळचा ऐसपैसपणा लक्षात ठेवा, प्रश्न १२ला तो लागेल.

पुढे लेखनिक त्या बी-वर टिंब देऊ लागले. जुन्या आयरिश लिपीत व्यंजन मऊ झालं की त्याच्या डोक्यावर टिंब येतं. रोमन अक्षरांत छापायची वेळ आली तेव्हा टिंबाच्या जागी एच घातला गेला आणि शब्द सात अक्षरांचा झाला. पॅट्रिक डिनीन यांच्या १९०४ आणि १९२७च्या शब्दकोशांत तो याच लांब रूपात आहे. बोलणाऱ्यांच्या तोंडी तो ‘व’ कधीच विरघळून दीर्घ ‘ऊ’ झाला होता. आयरिश संसदेच्या भाषांतर विभागानं १९४०च्या दशकात लेखन सोपं करायला घेतलं आणि १९५८मध्ये व्याकरण व लेखनाचे प्रमाण नियम एकत्र प्रसिद्ध झाले. त्या छाटणीत सातची चार अक्षरं झाली. आजोबांचा जुना शब्दकोश घेऊन बसलेल्या एकाला शब्द सापडेना. तो शोधत होता चार अक्षरांचा.

मध्ययुगाच्या पलीकडची व्युत्पत्ती वादाची आहे. कुणी ठामपणे एखादा संस्कृत धातू सांगितला तर विश्वास ठेवू नका.

५. हा शब्द फक्त आयर्लंडमध्येच आहे का?

गेलिक बहिणींमध्ये तिघींकडे आहे. आइल ऑफ मॅन बेटावरच्या मँक्स भाषेतही तो ‘शूल’च आहे, फक्त लिहिण्याची पद्धत इंग्रजी वळणाची. स्कॉटलंडच्या गेलिकमध्ये मधला बी-एच अजून लिहितात आणि अर्थ ‘प्रवास करणं’कडे जास्त झुकलेला आहे. तिथे कुणाबद्दल ‘ह्यूइल ए’ म्हटलं तर तो वारला असाही अर्थ होतो. आपण ‘आजोबा गेले’ म्हणतो, तसंच. स्कॉटिश बॅगपाइपच्या शास्त्रीय रचनांत मूळ धून संपल्यावर येणाऱ्या एका विस्तारालाही हेच नाव आहे. आपल्याकडे गाण्याची ‘चाल’ असते, त्यांच्याकडे वाद्याच्या रचनेत ‘चालणं’ येतं.

पायी चालणं या अर्थी स्कॉटिश गेलिक वेगळा शब्द वापरते, तो ‘पाय’ या शब्दावरून आलेला आहे. वेल्श आणि ब्रेटन या लांबच्या केल्टिक चुलत बहिणींकडे तर चालण्याला निराळाच शब्द आहे. वेल्शमध्ये तो ‘केर्देद’.

६. पण संस्कृत आणि आयरिश एकाच कुळातल्या ना? मग मराठीत याचा एकही नातेवाईक नाही?

या शब्दाचा नाही. आसपासच्या शब्दांचे मात्र आहेत, आणि इथे आपलं ‘काखेत कळसा गावाला वळसा’ अगदी शब्दशः खरं ठरतं. आयरिशमध्ये पायाला ‘कॉस’ म्हणतात. त्याचं मूळ, लॅटिनमधला कमरेच्या सांध्याचा ‘कॉक्सा’ आणि संस्कृतमधला ‘कक्ष’ हे एकाच झाडाचे. ‘कक्ष’ची झाली आपली काख. म्हणजे त्यांचा पाय आणि आपली काख ही सख्खी भावंडं. शरीरातले शब्द हजारो वर्षांत असे वर-खाली सरकतात. त्या ‘कॉस’वरूनच पादचाऱ्याला ‘कॉशी’ म्हणतात.

दुसरं उदाहरण मला जास्त आवडतं. मुलग्याला आयरिशमध्ये ‘बुअख़िल’ म्हणतात, पण मूळ अर्थ गुराखी. पहिला भाग गाय, म्हणजे आपला ‘गो’. दुसरा भाग त्या धातूचा, ज्यातून संस्कृतमधलं ‘चरति’ आलं. गुरं चारणारा तो बुअख़िल. आणि ‘चल्’ हे ‘चर्’चंच दुसरं रूप मानलं जातं, म्हणजे आपलं ‘चालणे’ आयरिशमध्ये आहे, फक्त ते पोराच्या नावात जाऊन बसलं आहे.

७. ‘शूल’ आणि ‘शूइल’ यांतलं क्रियापद कोणतं?

‘शूइल’ हे क्रियापद, ‘शूल’ हे नाम. मराठी कोशात ‘चालणे’ असं रूप देतात. आयरिश कोशात क्रियापद आज्ञार्थी एकवचनात सापडतं, म्हणजे ‘चाल!’ असं. आयरिशमध्ये ‘-णे’सारखा प्रत्यय लावून सगळी क्रियापदं नामं होत नाहीत. प्रत्येक क्रियापदाचं एक क्रियानाम असतं आणि ते वेगळं पाठ करावं लागतं. इथे काम सोपं आहे : शेवटचा ल जाड करा, की ‘चाल’चं ‘चालणं’ झालं. घोळ एवढाच की ‘शूइल’ हे नामाचं षष्ठीचं रूपसुद्धा आहे (प्रश्न १५).

८. ‘मी चालतो’ आणि ‘मी चालतोय’ यांत त्यांच्याकडे फरक आहे का?

आहे, आणि मराठीइतकाच काटेकोर. ‘शूलिम’ म्हणजे मी चालतो, माझी सवय म्हणून. ‘ता मे अ शूल’ म्हणजे मी आत्ता चालतो आहे. दुसऱ्या वाक्याचा सांगाडा ‘आहे मी चालण्यापाशी’ असा. त्यातला ‘अ’ लिहिताना ए-जी असा असतो, पण व्यंजनापुढे जी गिळला जातो. आणखी एक ‘बीम अ शूल’ आहे : मी चालत असतो. मराठीत ‘चालतो, चालतोय, चालत असतो’ हे तिन्ही वेगळे ठेवणाऱ्याला इथे काहीही नवं शिकावं लागत नाही.

क्रियापद वाक्याच्या सुरुवातीला येतं, ही सवय मात्र करावी लागते. ‘शूलन शी अवाल्ये’, म्हणजे ‘चालते ती घरी’. मराठीत असं फक्त कवितेत किंवा भांडणात बोलतात.

९. भूतकाळात ‘शूइल’चं ‘ह्यूइल’ का होतं? शब्दाचं पहिलं अक्षरच कसं बदलतं?

मराठीत शब्दाचं शेपूट बदलतं, आयरिशमध्ये तोंडही बदलतं. या मऊ होण्याला ‘शेव्हू’ म्हणतात. लिहिताना एस-नंतर एच घालायचा, म्हणताना ‘श’चा ‘ह’ करायचा.

भूतकाळात असं होण्याचं कारण ऐतिहासिक आहे. पूर्वी क्रियापदाआधी ‘दो’ असा एक छोटा शब्द यायचा आणि तो पुढच्या व्यंजनाला मऊ करायचा. प्रमाण भाषेत ‘दो’ गळून गेला, मऊपणा मागे राहिला. दक्षिणेकडच्या मन्स्टर प्रांतात ‘दो ह्यूइल’ अजून ऐकू येतं.

इतर रूपं अशी. ‘शूलिमिद’ म्हणजे आपण चालतो. ‘ह्यूइल मे’ म्हणजे मी चाललो. ‘शूलही मे’ म्हणजे मी चालेन. ‘ह्यूलहिन’ म्हणजे मी चाललो असतो किंवा चालेन, काही अट असेल तर. ‘ह्यूलिन’ म्हणजे मी पूर्वी चालत असे. भविष्यकाळात लिहिताना एफ असतो पण म्हणताना ‘ह’, हे सुरुवातीला सगळ्यांनाच चकवतं. शेवटच्या दोन रूपांत कर्ता प्रत्ययातच आहे, वेगळा ‘मे’ लावायचा नाही. मराठीत ‘चालेन’ म्हटल्यावर ‘मी’ गाळता येतो, इथे गाळावाच लागतो.

नकारात वर्तमानकाळी ‘नी ह्यूलन’, भूतकाळी ‘नीर ह्यूइल’. प्रश्न करताना वर्तमानात ‘अन शूलन?’, भूतकाळात ‘अर ह्यूइल?’. आयरिशमध्ये दुसराही एक तोंडबदल आहे, पण एस-वर त्याचा परिणाम होत नाही. म्हणून ‘अन’नंतर ‘श’ तसाच राहतो.

१०. बाकीच्या क्रियापदांचं शेवटचं व्यंजन बारीकच राहतं, मग ‘शूइल’चा ल मध्येच जाड का होतो?

हा प्रश्न विचारणारा माणूस पुस्तक नीट वाचतो आहे. नियम असा की आज्ञार्थी रूप बारीक व्यंजनावर संपत असेल, तर पुढचे प्रत्ययही बारीक लागतात. ‘मोडणे’ म्हणजे ‘ब्रिश’, त्याचं ‘ब्रिशन’ होतं, श तसाच. ‘शूइल’चं मात्र ‘शूलन’, ल जाड.

कारण प्रश्न ४मधल्या लांब रूपात आहे. जुन्या काळी शब्द दोन उच्चारखंडांचा होता. प्रत्यय लागला की मधला स्वर उडायचा, ‘व’ आणि ‘ल’ जवळ यायचे आणि ल जाड व्हायचा. मराठीत ‘पाऊस’चं ‘पावसात’ होतं, शब्दाला ओझं लागलं की मधलं आकुंचन पावतं, तसंच काहीसं. नंतर ‘व’ गेला, शब्द आखडला, पण जाड ल जागच्या जागी राहिला. ‘दाखवणे’ आणि ‘वाचवणे’ या अर्थांच्या क्रियापदांतही असाच जाडपणा येतो. हा अपवाद डोळ्यांनी नव्हे, कानांनी पाठ करा. पूर्ण रूपावलीत ल बारीक फक्त प्रत्यय नसतानाच येतो : ‘शूइल’ आणि ‘ह्यूइल’.

११. ‘हो’ आणि ‘नाही’ला आयरिशमध्ये शब्दच नाहीत, हे खरं?

खरं. ‘अर ह्यूइल तू?’, चाललास का? उत्तर ‘ह्यूइल’ किंवा ‘नीर ह्यूइल’. क्रियापदच परत करायचं. आपणही ‘जेवलास का?’ला ‘जेवलो’ म्हणतो, पण आपल्याकडे ‘हो’ची सोय आहे, त्यांच्याकडे नाही.

१२. ‘काद अता एर शूल?’ असं सारखं ऐकू येतं. यात चालण्याचा काय संबंध?

हा माझा सगळ्यात आवडता प्रश्न. ‘काद अता एर शूल?’ म्हणजे ‘काय चाललंय?’. शब्दशः ‘काय आहे चालीवर?’. पश्चिमेच्या कॉनख़्त भागात ‘काद’च्या जागी ‘केर्द’ येतं, उत्तरेला अल्स्टरमध्ये ‘काजे’. शेवटी ‘अगत’ जोडलं, तर ‘तुझं काय चाललंय?’.

इंग्रजीतून आयरिश शिकणाऱ्यांना हा वाक्प्रचार वेगळा पाठ करावा लागतो. बैठकीला पाय असतात का, असा त्यांचा प्रश्न. आपल्याला तो पडतच नाही. बैठक चालू आहे, टीव्ही चालू आहे, इंजिन चालू कर : या सगळ्या ठिकाणी ‘एर शूल’ चपखल बसतं. चालू करणं म्हणजे ‘चालीवर ठेवणं’. जुन्या शब्दात हलणं, पुढे सरकणं हे सगळं आधीपासून होतंच. माझ्या वर्गात चार देशांचे विद्यार्थी होते आणि या धड्याला मी एकटीच हसत बसले होते.

एक सूचना : दिवा ‘एर शूल’ नसतो, तो पेटलेला असतो. दिव्यासाठी ‘लास्ता’ म्हणा.

१३. वा! म्हणजे ‘चालेल’ला ‘शूलही शे’ म्हणायचं?

नाही, नाही, नाही. ‘शूलही शे’ म्हणजे तो माणूस पायांनी चालेल. संमतीचं आपलं ‘चालेल’ त्यांच्याकडे ‘क्यार्त गो ल्योर’. ‘चालणार नाही’लाही हा शब्द चालणार नाही. समांतर रस्ता प्रश्न १२पाशी संपतो. दुकान चालतं, नाणं चालतं, कोर्टात खटला चालतो या सगळ्या मराठी चालण्यांसाठी आयरिशमध्ये एकेक शब्द तपासून घ्यावा लागतो.

१४. ‘एर शूल’, ‘एर ह्यूल’ आणि ‘अर ह्यूइल’ यांत मी नेहमी गोंधळतो.

गोंधळणारच. तिन्ही लिहिताना ए-आरनेच सुरू होतात.

‘एर शूल’ म्हणजे चालू असलेलं. इथला ‘एर’ हा ‘वर’ अर्थाचा शब्दयोगी. तो सहसा पुढच्या नामाला मऊ करतो, पण ‘अमुक अवस्थेत असणं’ सांगायचं असेल तर करत नाही. ‘एर बुन’ म्हणजे स्थापन झालेलं, तेही याच गटातलं.

‘एर ह्यूल’ हे अल्स्टरचं. अर्थ ‘निघून गेलेला’. ‘ता शे एर ह्यूल’ म्हणजे तो गेलाय, इथे नाही. वरच्या नियमाला हा अपवाद आहे आणि एका एच-नं अर्थ उलटा होतो : कार्यक्रम ‘एर शूल’ असेल तर धावत जा, पाहुणा ‘एर ह्यूल’ असेल तर उशीर झाला. मराठीत तरी काय वेगळं आहे? ‘चालू आहे’ आणि ‘चालता झाला’ एकाच क्रियापदाचे. बाकीच्या प्रांतांत ‘निघून गेला’साठी दुसरा शब्द वापरतात.

‘अर ह्यूइल’मध्ये ल बारीक आहे आणि ‘अर’ हा भूतकाळी प्रश्नाचा शब्द (प्रश्न ९). ‘एर’शी त्याचं काही देणंघेणं नाही.

१५. नाम म्हणून ‘शूल’चं लिंग आणि विभक्ती काय?

पुल्लिंगी. षष्ठी ‘शूइल’, अनेकवचन ‘शूल्ता’. षष्ठी मोप लागते : ‘बाता शूइल’ म्हणजे चालण्याची काठी, ‘ब्रोगा शूइल’ म्हणजे चालायचे बूट. निश्चित उपपद (इंग्रजी ‘द’सारखं, इथे ‘अन’) लागलं की षष्ठीत एस-च्या आधी टी येतो, एस मुका होतो आणि ऐकू येतं ‘अन त्यूइल’. अल्स्टरमध्ये ते ‘च्यूइल’च्या जवळ जातं.

याच शब्दावरून बनलेलं ‘शूलोइद’ म्हणजे फेरफटका. ते स्त्रीलिंगी आहे, म्हणून त्याला टी प्रथमेतच लागतो : ‘अन त्यूलोइद’. पुल्लिंगीला षष्ठीत, स्त्रीलिंगीला प्रथमेत, असा हा उलटसुलट कारभार. ‘दोनदा फिरून आलो’ म्हणायचं असेल तर ‘शूलोइद’चं अनेकवचन वापरा. ‘शूल्ता’ हे अनेकवचन क्वचितच लागतं आणि तेच रूप ‘चाललेलं’ या अर्थाचं विशेषणही आहे : ‘ता कूइग वीले शूल्ता अगम’, माझे पाच मैल चालून झालेत.

१६. ‘लुख़्त शूइल’ कोण?

शब्दशः चालणारे लोक. आयर्लंडमधल्या भटक्या समाजाचं, म्हणजे आयरिश ट्रॅव्हलर्सचं हे आयरिश नाव. २०२२च्या जनगणनेत त्यांची संख्या ३२,९४९ होती. १ मार्च २०१७ रोजी पंतप्रधान एन्डा केनी यांनी संसदेत त्यांना स्वतंत्र वांशिक गट म्हणून मान्यता जाहीर केली. ती मिळवायला त्यांना बरीच वर्षं झगडावं लागलं. त्यांच्या बोलीला अभ्यासक ‘शेल्टा’ म्हणतात आणि काहींनी ते नाव ‘शूल्ता’शी जोडलं आहे. जुन्या पुस्तकांत त्यांच्यासाठी कल्हईवाले अशा अर्थाचा इंग्रजी शब्द येतो. तो आज अपमानकारक समजला जातो, वापरू नका.

आयर्लंडच्या इंग्रजीत दारोदार फिरणाऱ्याला ‘शूलर’ म्हणत, तोही इथूनच गेला.

१७. ‘त्याची चाल’ आणि ‘तिची चाल’ कशी सांगायची?

‘अ ह्यूल’ त्याची, ‘अ शूल’ तिची. ‘अ’ तोच, लिंग कळतं ते पुढच्या अक्षरावरून. ‘त्यांची चाल’सुद्धा ‘अ शूल’च, कारण एस-ला दुसरा तोंडबदल लागत नाही. तिची की त्यांची ते संदर्भावर सोडायचं. ‘दाहिन मे एर अ ह्यूल ए’ म्हणजे ‘मी त्याला चालीवरून ओळखलं’. वाक्यात ‘एर’ आणि ‘ह्यूल’ असूनही प्रश्न १४शी संबंध नाही, मध्ये ‘अ’ आहे.

१८. ‘बाळाला चालता येतं’ कसं म्हणतात?

‘ता शूल एग अन ल्यानव’, बाळापाशी चालणं आहे. पोहता येणं, लिहितावाचता येणं हेही असंच सांगतात, कौशल्य माणसापाशी असतं. रांगण्याचा शब्द ‘लॉवकान’, आणि ‘लॉव’ म्हणजे हात. रांगणारं बाळ हातांचं, चालणारं पायांचं.

१९. याला कर्म लागतं का? कुत्र्याला फिरवणं यात बसेल?

वाट, अंतर, किनारा ही कर्मं चालतात. ‘अ शूल न मोह्रे’ म्हणजे रस्ते चालत, अर्थात वणवण भटकत. क्रियानामानंतर येणारं कर्म षष्ठीत जातं, शब्दशः ‘रस्त्यांच्या चालण्यापाशी’. पण ‘मला किनारा चालायचाय’ असं म्हणताना कर्म आधी येतं, मध्ये ‘अ’ शिरतो आणि क्रियानाम मऊ होतं : ‘अन त्रा अ ह्यूल’. हा ‘अ’ म्हणजे प्रश्न १७मधला ‘त्याची’ नव्हे. नुसतं ‘मला चालायचंय’ असेल तर मऊ करायचं नाही.

कुत्र्याला मात्र चालवू नका. त्याला ‘चालायला बाहेर नेलं’ असं सांगणं जास्त आयरिश वाटतं. ‘पायी’ म्हणायचं असेल तर ‘दे ह्यूल न गॉस’. त्यातला ‘गॉस’ म्हणजे तोंड बदललेला ‘कॉस’.

२०. ‘शूल अरून’ नावाचं गाणं ऐकलं, ते हेच का?

हेच. ‘शूइल, अ रून’, म्हणजे ‘चाल, सखया’. ‘रून’चा मुख्य अर्थ गुपित, पण हाक मारताना ‘जिवलगा’. ‘अ’ हा संबोधनाचा, आपल्या ‘अरे’सारखा. गाणं पारंपरिक आहे आणि इंग्रजी कडव्यांत आयरिश पालुपद येतं, म्हणून आयरिश न येणाऱ्यांनी ते कानाला ऐकू येईल तसं लिहून ठेवलं. त्यामुळे त्याची दहा प्रकारची स्पेलिंगं सापडतात. क्रियापदाचा ल बारीकच म्हणायचा.

२१. या शब्दाची एखादी म्हण?

‘बीन शूलख़ श्केलख़.’ जो फिरतो त्याच्यापाशी गोष्टी असतात. ‘शूलख़’ म्हणजे फिरस्ता आणि ‘श्केलख़’ म्हणजे गोष्टीवेल्हाळ. आपल्या ‘केल्याने देशाटन’ला चातुर्य हवं असतं, आयरिश म्हणीला गप्पा पुरतात. दोन्ही शब्द विशेषणं आहेत, ‘माणूस’ कुठेच नाही, तरी वाक्य पूर्ण आहे.

२२. व्याकरणाच्या तक्त्यात एकच रूप तीन-चार ठिकाणी दिसतं. छपाईची चूक आहे का?

चूक नाही. एस-आय-यू-एल-ए-डी-एच हे रूप खरोखरच बहुरूपी आहे. मऊ न करता ते भूतकाळी कर्ताहीन रूप असतं. म्हणजे ‘कुणी तरी चाललं’, कोण ते सांगायचं नाही. आपल्या भावे प्रयोगाच्या जवळचं, ‘त्या वाटेनं चाललं गेलं’ असं काहीतरी, पण आयरिशमध्ये ते अजिबात अवघडलेलं वाटत नाही, बातम्यांत सर्रास येतं. तेच रूप कर्त्यासह आज्ञार्थी तृतीयपुरुषी : ‘चालू दे त्याला’. ‘जर’नंतर तेच अटीचं. आणि एच लावून मऊ केलं की ‘तो पूर्वी चालत असे’.

शेवटच्या डी-एचचा उच्चारही अर्थ आणि प्रांत पाहून बदलतो. कॉनख़्त आणि अल्स्टरमध्ये कर्ताहीन भूतकाळ ‘शूलू’ असा ऐकू येतो. वाचताना आधी पुढे कर्ता आहे का ते पाहा, मग सुरुवातीला एच आहे का ते. कर्ता नाही आणि एचही नाही, तर ते ‘शूलू’.